मी दुखण्याची गोळी घेत नाही

किडनीला काय झालं होतं असं कोणी विचारलं की मी सांगते, उन्हामुळे आणि गोळ्यांमुळे झालं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. राहिलेला भाग माझ्या जावेचा, सुजाताचा आहे. तिने मला काहीही केलेलं नाही. मीच तिच्यावर जळत होते आणि त्या जळण्यापायी हॉस्पिटलपर्यंत गेले. गोळ्यांचं काय ते डॉक्टर समजावून सांगतात. जळण्याबद्दल कुणी केसपेपरवर लिहीत नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. सोळा वर्षांपूर्वी मी ते घरच्या ओट्यावर सुरू केलं. पुढे जवळच्याच एका सोसायटीच्या खाली एक गाळा मिळाला, तिथे दोन शेगड्या आणि एक लांब टेबल टाकलं. माझं माहेर चिपळूणजवळचं. आमच्याकडे भात आणि तांदळाची भाकरी. पोळी मी लग्नानंतर सासूबाईंकडून शिकले आणि घडीची पोळी धड जमायला मला वर्ष लागलं. एवढ्या कष्टाने आलेली गोष्ट माणसाला फार आपली वाटते. आपल्या पोळीला कुणी नाव ठेवेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी धाकट्या दिरांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली. सासूबाई म्हणाल्या, सुजाताला तुझ्याबरोबर घे. मी लगेच हो म्हटलं आणि त्यात मला आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंही वाटलं. सुजाता वाईकडची, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती मला ताई म्हणते. आली त्या दिवशी पदर खोचून टेबलाशी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी मला कळून चुकलं की हिच्या हाताला जे आहे ते माझ्या हाताला नाही. तिची पोळी तव्यावर टम्म फुगायची आणि संध्याकाळी डबा उघडला तरी मऊ असायची. माझ्या शंभर होईपर्यंत तिच्या दीडशे व्हायच्या, आणि तेही रेडिओवरच्या बाईशी वाद घालत, हसत.

गिऱ्हाइकांना हे कळायला आठवडासुद्धा लागला नाही. बँकेतून रिटायर झालेले एक काका रोज सहा पोळ्या न्यायचे. एकदा सुजाता माहेरी गेली होती. काकांनी काउंटरवरून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, त्या दुसऱ्या ताई नाहीत का आज? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं, मग उद्या येतो. ते अगदी सहज म्हणाले.

*

माझा उजवा खांदा त्या सुमाराला धरायला लागला होता. आधी सकाळी, मग दिवसभर. लाटणं पुढे ढकललं की मानेपासून कोपरापर्यंत कळ जायची. बाम लावला, शेक घेतला. सुजाताच्या एकदा लक्षात आलं. ती म्हणाली, ताई, एखादी गोळी घ्या ना.

मी म्हटलं, "मी दुखण्याची गोळी घेत नाही. सवय लागते."

ती खाली मान घालून लाटत राहिली. मला वाटलं, जिंकले.

त्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि दुखण्यावर काहीतरी द्या म्हटलं. त्याने एक हिरवी स्ट्रिप कापून दिली. बाकी काय औषधं चालू आहेत ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझी बीपीची गोळी मी स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानातून आणायचे, महिन्याची एकदम. म्हणजे एका दुकानाला माझं बीपी माहीत होतं आणि दुसऱ्याला माझा खांदा. दोन्ही माहीत असलेली एकटी मीच होते, आणि मी तर बीपीची गोळी औषधात धरतच नव्हते. ती सकाळी दात घासल्यासारखी घ्यायची, संपलं. एका गोळीत दोन औषधं आहेत, त्यातलं एक अंगातलं पाणी लघवीवाटे काढतं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

ती हिरवी गोळी घेतल्यावर तासाभरात खांदा मोकळा झाला. त्या दिवशी मी सुजाताच्या बरोबरीने लाटल्या. शेवटी तिच्याहून चारच कमी होत्या. मी घरी गेले आणि मिस्टरांना, सतीशना, गोड शिरा करून दिला. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही.

सुरुवातीला ज्या दिवशी जास्त दुखेल त्या दिवशी घ्यायचे. मग रोज एक. कधी दोन. रिकाम्या स्ट्रिपा मी गाळ्यातल्या वरच्या फळीवर तिळाच्या जुन्या डब्यात टाकायचे, कारण घरच्या केरात सतीशना दिसल्या असत्या. असं दोन वर्षं चाललं.

*

यंदाच्या होळीला पुरणपोळीच्या इतक्या ऑर्डरी आल्या की आम्ही तीन दिवस आधीपासून पुरण शिजवत होतो. गाळ्यात दोन्ही शेगड्या पेटलेल्या, पंखा लावला तर आच विझते म्हणून पंखा बंद. गाळ्याला संडास नाही. सोसायटीच्या मागच्या बाजूला जायचं, वॉचमनकडून किल्ली घ्यायची. त्या कटकटीपायी मी सकाळपासून पाणीच कमी प्यायचे. घाम मात्र धो धो वाहत होता. त्या तीन दिवसांत मी रोज तीन गोळ्या घेतल्या. सुजाताची पुरणपोळी इतकी पातळ की आतलं पुरण बाहेरून दिसावं. एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली की यांच्या हाताच्याच द्या. मी हसून तिच्या हाताच्याच दिल्या आणि मागे जाऊन चौथी गोळी घेतली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मला जुलाब सुरू झाले. दोन दिवस काही खाल्लेलं टिकेना. अंगात कणकण होती म्हणून घरातली सर्दीतापाची गोळी घेतली. खांदा आणि कंबर दुखत होती म्हणून हिरवीही घेतली. आणि बीपीची गोळी कधी चुकवायची नाही हे पक्कं डोक्यात असल्यामुळे तीही नेमाने घेतली. पोटात ना अन्न, ना पाणी, नुसत्या गोळ्या.

तिसऱ्या दिवशी पायात चप्पल जाईना. पाय सुजले होते. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून लघवीला गेलेलेच नाही. सतीश मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पायावर अंगठा दाबून पाहिला, तो खड्डा भरून येईना. रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, ठाण्याला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, मी तिथे सांगून ठेवतो.

सतीशनी रिपोर्ट मोबाइलवर उघडला. क्रिएटिनिन, सहा पॉइंट दोन, असं त्यांनी कुणाचा तरी फोन नंबर वाचावा तसं वाचलं. हवं किती ते कंसात लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं नाही. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता आणि मी कसला विचार करत होते ते सांगते. उद्या सकाळी गाळा सुजाता उघडणार, आणि कुणाचंही काही अडणार नाही.

*

किडनीच्या डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, आवाज अगदी हळू. त्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. एका बाजूला सतीश उभे होते, दुसऱ्या बाजूला सुजाता. ती बातमी कळताच डोंबिवलीहून आली होती, हाताला कणीक तशीच.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याची गोळी घेता? गुडघे, पाठ, डोकं, कशासाठीही?"

मी म्हटलं, "नाही. मी दुखण्याची गोळी घेत नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. कधीमधी तरी? दुकानातून आणून? एखादी आयुर्वेदिक पुडी, काढा, शेजारणीने दिलेलं काही? मी नाही नाही म्हणत गेले. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. डॉक्टर बाईंना सांगायला माझी काही हरकत नव्हती. हरकत तिच्यासमोर सांगायला होती. गोळी खाऊनही हिच्या मागेच राहते, हे हिला कळणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला खरोखर वाटलं होतं, आणि ते खरं व्हायला तेव्हा किती थोडं बाकी होतं याची मला कल्पना नव्हती.

*

हॉस्पिटलात माझी किंमत लघवीवर ठरत होती. दर वेळी सिस्टर मापाच्या भांड्यात ओतून आकडा वहीत लिहायची आणि मोठ्याने सांगायची. माझे पहिल्या दिवसाचे दोनशे दहा मिली. शेजारच्या खाटेवर कळव्याच्या डिसोझाबाई होत्या, पासष्टीच्या, किडनीला इन्फेक्शन होऊन आलेल्या. त्यांचे साडेआठशे. दुसऱ्या दिवशी माझे एकशे ऐंशी, त्यांचे बाराशे. सिस्टर म्हणाली, वा, डिसोझा आजी. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. आयुष्यात मी पुष्कळांच्या पुष्कळ गोष्टींवर जळले असेन, पण दुसऱ्या बाईच्या लघवीवर जळायची वेळ त्या खाटेवर आली.

पाणी मोजून होतं. फळ नाही, शहाळं नाही, कारण रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. ओठांना चिरा पडलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डिसोझाबाई आपली सलाईनची दांडी ढकलत माझ्यापाशी आल्या आणि स्वतःचा रुमाल ओला करून माझ्या ओठांवर ठेवला. म्हणाल्या, गिळू नकोस गो, नुसतं राहू दे. मी डोळे मिटून पडून राहिले. ज्यांचे आकडे कमी व्हावेत म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, त्या बाई माझ्या तोंडावर रुमाल धरून उभ्या होत्या.

सतीश रोज सकाळी यायचे. मला धीर यावा म्हणून ते गाळ्याच्या बातम्या सांगायचे. सुजाताने एकही ऑर्डर सोडली नाही, बघ. भाजीवाल्याशी तीच बोलते. काल तर सगळ्या पोळ्या एकपर्यंत संपल्या. मी रडायला लागले की ते घाबरायचे. त्यांना वाटायचं मी आजाराला भिऊन रडते.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन सातच्या वर गेलं. डॉक्टर म्हणाल्या की उद्यापर्यंत उतरलं नाही तर मानेतून नळी घालून डायलिसिस सुरू करू. आणि कारण सापडत नाही, तेव्हा पाठीतून सुई घालून किडनीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, तोही त्यांनी सांगितला. सतीश सहीचा कागद घेऊन माझ्या उशाशी बसले. त्यांनी मला विचारलं, काय करू? तेव्हा सुजाता तिथे नव्हती, फक्त तेच होते. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात तसं करा. त्यांनी सही केली आणि पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड माझ्या खाटेपाशी आला असताना सुजाता आली. धापा टाकत होती. तिच्या हातात भाजीची पिशवी होती. तिने ती माझ्या पायाशी उलटी केली आणि रिकाम्या हिरव्या स्ट्रिपा चादरीवर पडल्या, खूप होत्या.

ती डॉक्टरांना म्हणाली, "ताई ह्या घेतात. तिळाच्या डब्यात होत्या."

मी म्हटलं, "माझ्या नाहीत ह्या."

सतीश माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता सुजाता माझ्याशी वाद घालेल, म्हणजे मलाही वाद घालता येईल. तिने वाद घातला नाही. पर्स उघडली, आतून एक अर्धी संपलेली हिरवी स्ट्रिप काढली आणि बाकीच्यांच्या शेजारी ठेवली.

"मला डबा उघडल्या उघडल्या कळलं, ताई. मी पण ह्याच घेते. चार वर्षं झाली. गाळ्यावर यायच्या आधी रोज एक."

डॉक्टरांनी एक स्ट्रिप उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मला विचारलं, दिवसाला किती? मी सांगितलं. शेवटची कधी? ॲडमिट झाले त्या दिवशी सकाळी. आणि बीपीची? तीही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं." ते त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी आम्हा तिघांना समजावून सांगितलं. किडनीपर्यंत रक्त पोहोचावं म्हणून शरीर आपली सोय करत असतं. दुखण्याची ही गोळी त्या सोयीत अडथळा आणते. बीपीचं औषध दुसरीकडून तोच दाब उतरवतं. पाणी काढणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं. ही औषधं वेगवेगळी घेतली तर पुष्कळांना चालतात. सगळी एकत्र, वर जुलाब आणि ऊन, म्हणजे किडनी कोरडी पडते. सुईची तपासणी तूर्त थांबवू, त्या म्हणाल्या. त्या गोळ्या बंद होऊन चौथा दिवस आहे. पोटॅशियम ताब्यात राहिलं तर अजून थोडी वाट बघू.

त्या गेल्यावर सुजाता माझ्या पायाशी बसली. मला तिचे आभार मानायला हवे होते. माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. पहिली, चार वर्षं मी ज्या हातावर जळत होते तो हातही गोळीवरच चालत होता. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. दुसरी तिच्या मागोमाग आली आणि तिने पहिलीला बसूच दिलं नाही. सुजाताने चार वर्षं गोळ्या घेतल्या. मी दोन वर्षं. आणि खाटेवर मी होते.

डॉक्टरांनी तिलाही रक्त तपासायला सांगितलं होतं. संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. तिला बीपी नाही, पाणी काढणारी गोळी नाही, जुलाब झाले नव्हते. सतीशनी सुटकेचा श्वास टाकला. मीही हसले. आतून मला वाईट वाटलं. थोडं तरी काही निघायला हवं होतं तिचं, असं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही हे छापून आल्यावरच कळेल.

*

पाचव्या दिवशी माझे चारशे झाले. सहाव्या दिवशी नऊशे. सातव्या दिवशी सिस्टरने आकडा सांगितला आणि डिसोझाबाईंनी, ज्यांचा डिस्चार्ज त्याच दिवशी होता, टाळ्या वाजवल्या. मानेत नळी घालावी लागली नाही. क्रिएटिनिन खाली यायला लागलं, आधी हळूहळू, मग भराभर. दहाव्या दिवशी मी घरी आले.

घरी आल्यावर सतीश माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पथ्याचं जेवण वाढायचे, औषध हातात द्यायचे, बस. तिसऱ्या दिवशी ताट उचलताना म्हणाले, "तू पाठीत सुई टोचून घेणार होतीस, पण मला सांगणार नव्हतीस." सव्वीस वर्षांच्या संसारात ते एवढं एकच वाक्य मला टोचून बोलले आहेत. सहीचा तो कागद त्यांना अजून आठवतो, मला माहीत आहे, कारण कुठल्याही फॉर्मवर सही करताना ते आता थांबतात.

ज्यांच्या घरात बीपी, शुगर, हृदय, रक्त पातळ करायची अशी कुठलीही रोजची गोळी चालू आहे, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. साधी गोळी असं काही नसतं. आपण जिला साधी म्हणतो तीही पोटात गेल्यावर रोजच्या गोळीला भेटते. मी आता एका कागदावर सगळी औषधं लिहून पर्समध्ये ठेवते, बामसुद्धा लिहिलेला आहे. सगळी औषधं एकाच दुकानातून आणते आणि नवीन काही घेण्याआधी तो कागद पुढे करते. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या की रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे स्वतः ठरवत नाही, आधी डॉक्टरांना फोन करते. सर्दीतापाची म्हणून मी जी घेतली तिच्यात आणि हिरव्या गोळीत एक औषध तेच होतं, म्हणजे मी ते नकळत दुप्पट घेत होते. हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खोलीत कोण उभं आहे ते बघू नका. फारच अडचण वाटली तर घरच्यांना बाहेर जायला सांगा. मी ते केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडेही मी गेले. भांडायला नव्हते गेले. त्याला म्हटलं, बाकी कुठली औषधं चालू आहेत एवढं विचारत जा. तो म्हणाला, काकी, तुम्ही सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, हो, मी सांगायला पाहिजे होतं आणि तुम्ही विचारायला पाहिजे होतं. त्याने मला खुर्ची दिली. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याला विचारलं.

*

माझं क्रिएटिनिन एक पॉइंट चारवर येऊन थांबलं आहे. पूर्वी ते एकाच्याही खाली होतं. डॉक्टर म्हणतात की तेवढी खूण राहील, ती सांभाळून जगायचं. बीपीची गोळी बदलली. खांद्यासाठी फिजिओथेरपी चालू आहे. दीड महिन्याने मी गाळ्यावर गेले तेव्हा माझ्या जागेवर उंच स्टूल होतं, सुजाताने आणवलेलं. दिवसाला साठ पोळ्या, त्याच्या पुढे एकही नाही, असा तिने आणि सतीशनी मिळून नियम केलेला.

तिनेही गोळ्या सोडल्या होत्या. रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांनी तिला झापलं होतं, कारण पोटात रोज जळजळ होते हे तिने तेव्हा कबूल केलं. गोळ्या सुटल्या तसा तिचा हात मंदावला. दीडशेच्या शंभर झाल्या. ते बँकेतले काका एक दिवस म्हणाले, आज पोळी जरा जाड झाली का हो? सुजाता हसली नाही. मी काउंटरवर होते. मी त्यांना म्हटलं, इथे अशाच मिळतील.

त्या दुपारी मी तिला विचारलं की चार वर्षं गोळ्या घेत होतीस तर मला का सांगितलं नाहीस. ती कणीक तिंबत होती. तशीच तिंबत राहिली.

"तुम्ही म्हणाला होतात ना, सवय लागते. मग कोणत्या तोंडाने सांगणार? मला वाटायचं, ह्या इतकी वर्षं उभ्याने करतात आणि यांना गोळी लागत नाही. मला तुमचा हेवा वाटायचा, ताई."

खोटं कशाला सांगू, पुढचे तीन-चार दिवस मी फार खुशीत होते. कुणीतरी माझा हेवा करत होतं. तोही खोट्या गोष्टीवरून, पण करत होतं. माझंही तसंच होतं हे मी तिला लगेच सांगितलं नाही. आठवड्याने सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. कसं, विचारलं तर म्हणाली, माझी पोळी फुगली की तुम्ही तव्याकडे न बघता माझ्याकडे बघायचात.

गेल्या बुधवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. सुजाताचा अंबाडा सुटला होता. तिने हात वर न्यायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावरच खाली घेतला. तिचाही खांदा आता धरतो. ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, ताई, एवढं बांधून देता?

मी हात धुतले, पुसले आणि तिचे केस हातात घेतले. जड होते. कमरेपर्यंत काळेभोर, चाळिशी उलटली तरी एक पांढरा नाही. आजारपणानंतर माझे केस विंचरताना फणीत पुंजकेच्या पुंजके येतात. मी तिथेच उभी राहून ते केस दोन्ही हातांनी तोलले आणि पुन्हा तशीच जळले. मग मी पीळ दिला, गुंडाळला, आकडे खोचले.

"घट्ट झालं का गं?"

"थोडं."

"राहू दे तसंच," मी म्हटलं.